‘स्टेट’ : एका इंग्रजी नामाचे मराठी

परभणी जिल्हा इ. स. १९४८ पर्यंत ज्या राजवटीखाली होता, तिला नावे पुष्कळ होती. खेड्यातील शेतकरी तिला ‘मोगलाई’ म्हणत असे. अमुक गाव मोगलाईत आणि तमुक गाव इंग्रजीत, एवढ्या दोन शब्दांत सरहद्दीचा सारा भूगोल सांगून होई. कचेरीच्या कामाने परभणीस किंवा हिंगोलीस आलेला मनुष्य नुसते ‘सरकार’ म्हणून भागवीत असे. उर्दू दप्तरात ‘ममालिक-ए-महरूसा सरकार-ए-आली’ असे लांबलचक बिरुद रूढ होते. पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे ‘निजामचे संस्थान’ किंवा ‘हैदराबाद संस्थान’ असे लिहीत. आणि इंग्रजी कागदपत्रांत या सर्वांच्या जागी दोनच शब्द येत : ‘हैदराबाद स्टेट’. मनमाडहून परभणीवरून सिकंदराबादेकडे जाणारी आगगाडीसुद्धा, ती चालविणाऱ्या कंपनीच्या नावात हा ‘स्टेट’ शब्द घेऊनच या मुलखात आली.

या ‘स्टेट’ शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न वरवर पाहता शाळेतील भाषांतराच्या तासालाच शोभणारा आहे. परंतु १९३७ पासून १९५६ पर्यंतच्या सुमारे वीस वर्षांत परभणीकडील लोकांचे भवितव्य या एका नामाच्या अर्थाभोवती पुनःपुन्हा फिरत राहिले, आणि एकदा तर त्या अर्थाचा वाद थेट पॅरिस येथे बसलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला. म्हणून त्याची हकीकत थोड्या विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहावे. ‘स्टेट’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेवाटे आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘स्तातुस’ या शब्दात आहे. ‘स्तातुस’ म्हणजे उभे राहण्याची रीत, स्थिती. ज्या धातूपासून तो निघाला तो लॅटिन धातू आणि संस्कृतातील ‘स्था’ हा धातू हे एकाच घराण्यातले. म्हणजे आपली ‘स्थिती’, ‘स्थान’ आणि ‘संस्थान’ ही त्या इंग्रजी शब्दाची दूरची भावंडेच होत. मूळ अर्थ स्थिती. त्यावरून मनुष्याची समाजातील पायरी. पायरीवरून तिला शोभणारा थाट. आणि पुढे युरोपात राजेलोकांच्या सत्तेची बांधणी पक्की झाली तेव्हा त्या सत्तेला व तिच्या मुलखालाही तोच शब्द लागला. एकाच शब्दाच्या पोटात असे चार-पाच अर्थ येऊन बसले, आणि इंग्रजाला त्यांचे ओझे वाटले नाही, कारण ते एकेक करून, शतकाशतकाच्या अंतराने आले. भाषांतर करणाऱ्याकडे मात्र ते सगळे एकदम येतात.

स्पॅनिश भाषांतरकाराची या बाबतीत मोठी सोय झालेली आहे. त्याच्या भाषेतील ‘एस्तादो’ हा शब्द त्याच ‘स्तातुस’पासून आलेला आहे. आजाऱ्याची प्रकृती, विवाहित-अविवाहितपणाची नोंद, मेक्सिकोतील एखादा घटक प्रांत आणि सार्वभौम सत्ता, या सर्वांस तो एकच शब्द पुरा पडतो. फक्त लिहिताना सार्वभौम सत्तेचा ‘एस्तादो’ मोठ्या अक्षराने आरंभावयाचा आणि बाकीचे लहान अक्षराने, असा संकेत आहे. उत्तर अमेरिकेतील बलाढ्य देशाचे नावही त्यास शब्दाला शब्द ठेवून ‘एस्तादोस उनिदोस’ असे करता येते. मराठी भाषांतरकारापुढे हा राजमार्ग नाही. त्यास प्रत्येक वेळी थांबून, येथे कोणता ‘स्टेट’ आहे, असे स्वतःस विचारावे लागते. आणि उत्तर देताना नकळत एक बाजूही घ्यावी लागते.

मोल्सवर्थने आरंभिलेला व थॉमस कँडीने पुरा केलेला मोठा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईस छापला गेला. तेव्हापासून इंग्रजी राज्यकारभाराचे शब्द मराठीत आणण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही. राज्यकारभाराच्या परिभाषेची काळजी मराठी मुलखाला त्याच्याही पूर्वीपासून होती. फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजणारा राज्यव्यवहारकोश शिवछत्रपतींच्या कारकीर्दीतच तयार झाला. विसाव्या शतकात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा शासनशब्दांचा बहुभाषी कोश १९३१ साली प्रसिद्ध करविला. परंतु कोश अर्थांची रांग लावून मोकळा होतो. त्यातला एक उचलण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची.

‘स्टेट’ म्हणजे हालत, तेव्हा ‘स्थिती’, ‘अवस्था’, ‘दशा’ हे शब्द आयतेच हाताशी होते. थाट या अर्थी ‘इतमाम’ आणि ‘लवाजमा’ होते. आजही एखाद्या मोठ्या पुरुषाची अंत्ययात्रा ‘शासकीय इतमामात’ निघाली असे वर्तमानपत्रात येते, त्या दोन शब्दांत ‘स्टेट’चे दोन अर्थ शेजारी शेजारी बसविलेले आहेत. अडचण आली ती सत्ता आणि मुलूख या अर्थांशी. इंग्रजांनी हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांच्या मुलखांना प्रथम ‘नेटिव्ह स्टेट्स’ आणि पुढे ‘इंडियन स्टेट्स’ म्हटले. मराठीने त्यास ‘देशी संस्थाने’ म्हटले, आणि तेथील अधिपतीस ‘संस्थानिक’. कोल्हापूर, सांगली, अक्कलकोट, बडोदे, इंदूर ही सगळी संस्थाने झाली, आणि त्यांच्याच ओळीत हैदराबादही जाऊन बसले.

‘संस्थान’ ही निवड किती मार्मिक होती, हे हिंदीशी ताडून पाहिले म्हणजे कळते. हिंदीत ‘रियासत’ होते, तसेच ‘देशी राज्य’ही होते, म्हणजे राजाचा मुलूख आणि सार्वभौम सत्ता यांना तेथे एकच ‘राज्य’ शब्द पुरत असे. मराठीने ‘राज्य’ हा शब्द जणू राखून ठेवला. मराठी कानाला ‘राज्य’ म्हटले की रायगड आठवतो; जो दुसऱ्याच्या छत्राखाली नांदतो, ज्याच्या दरबारात रेसिडेंट बसलेला आहे, त्यास ‘राज्य’ म्हणण्यास मन धजेना. शिवाय ‘संस्थान’ शब्दाला मराठीत आणखी एक व्यवहार होता व आहे. मठाच्या व देवस्थानाच्या कारभारासही संस्थान म्हणतात. शिर्डीचे संस्थान सर्वांस ठाऊक आहे, आणि औंढ्याच्या नागनाथासारख्या देवस्थानांच्या बाबतीतही ही भाषा चालत आली आहे. (औंढा त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते; १९९९ साली हिंगोली जिल्हा निराळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले.) तेव्हा परभणीच्या भाविक मनुष्याला ‘संस्थान’ म्हटल्यावर प्रथम इनाम, पुजारी, उत्सव आणि विश्वस्त हेच डोळ्यांसमोर यावे, यात नवल नव्हते. उत्पन्न आहे, मान आहे, पिढीजात वहिवाट आहे, परंतु सार्वभौमत्वाचा प्रश्नच नाही. इंग्रजांच्या अधिसत्तेखालील राजाला हे वर्णन बहुतांशी लागूच पडत होते.

गंमत अशी की याच शब्दाने मराठीने अमेरिकेचेही नाव भाषांतरित केले. ‘अमेरिकेतील संयुक्त संस्थाने’ हे नाव जुन्या शालेय भूगोलाच्या पुस्तकांत सर्वत्र असे, आणि अजूनही कित्येक ठिकाणी ते छापलेले आढळते. ज्या मुलाने संस्थान म्हणजे निजामाचा किंवा गायकवाडांचा मुलूख हे शिकलेले आहे, त्याने ‘संयुक्त संस्थाने’ वाचून न्यूयॉर्क आणि व्हर्जिनिया येथेही कोणी संस्थानिक हत्तीवरून मिरवत असतील अशी कल्पना केली, तर दोष त्याचा नाही. अमेरिकेतील ‘स्टेट’ला राजा नाही, रेसिडेंट नाही, दत्तकाची परवानगी मागावी लागत नाही; ते स्वतःचे विधिमंडळ आणि निवडलेला गव्हर्नर असलेले घटक आहे. भाषांतर शब्दाचे झाले, वस्तूचे झाले नाही. इंग्रजीत एक शब्द आहे म्हणून मराठीतही सर्वत्र एकच शब्द ठेवावा, हा नियम विद्यार्थ्याला सोपा वाटतो. तो किती फसवा आहे, याचे हे चांगले उदाहरण होय.

खुद्द हैदराबादेत काय चालले होते? तेथील दरबारी भाषा १८८४ पासून फारसीच्या ऐवजी उर्दू झाली होती. उस्मानिया विद्यापीठाची सिद्धता चालली तेव्हा, १९१७ साली, इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी ‘दार-उल-तर्जुमा’ ही भाषांतरसंस्था स्थापन झाली, आणि आधुनिक शास्त्रांच्या हजारो संज्ञांना तेथे उर्दू रूप देण्यात आले. हे काम मोठ्या विद्वत्तेचे होते हे मान्य केले पाहिजे, जरी ज्यांची मातृभाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी होती त्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना त्याचा जाचच अधिक झाला. परभणीच्या मुलाला मराठी घरी आणि उर्दू शाळेत, अशी कसरत करावी लागे. उर्दूत ‘स्टेट’ला निदान दोन वजनदार शब्द होते. एक ‘रियासत’, जो कोणत्याही संस्थानाला लागे. दुसरा ‘ममलिकत’, ज्यात स्वतंत्र साम्राज्याचा दर्प होता. दरबाराचा ओढा दुसऱ्याकडे असावा हे स्वाभाविक होते. वर सांगितलेल्या बिरुदातील ‘ममालिक’ हे या ‘ममलिकत’चेच अनेकवचन होय. मराठी ‘संस्थान’ म्हणे, दरबार ‘ममलिकत’ म्हणे, आणि इंग्रजी ‘स्टेट’ दोघांच्याही पदरात बसे.

इंग्रजांना मात्र या शब्दाचा कोणता अर्थ आपणांस मान्य आहे याविषयी शंका नव्हती. वऱ्हाडच्या प्रश्नावर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी असा पवित्रा घेतला की, परराष्ट्रव्यवहार सोडले तर अंतर्गत बाबतींत आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचे आहोत. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्राने सरळ उत्तर दिले की, हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्तेचे सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ असून कोणाही संस्थानाधिपतीस बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा हक्क पोहोचत नाही. म्हणजे ‘स्टेट’ खरे, पण सार्वभौम नव्हे. मराठी भाषेने ‘संस्थान’ शब्द निवडून जे आधीच सांगितले होते, तेच व्हाइसरॉयांना एक लांब पत्र लिहून सांगावे लागले.

आता परभणी जिल्ह्याकडे यावे. हैदराबाद संस्थानातील तीन भाषिक भागांत तीन संस्था उभ्या राहिल्या : आंध्र महासभा, कर्नाटक परिषद आणि महाराष्ट्र परिषद. पैकी महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात मोडते. १९८१ पर्यंत तो परभणी जिल्ह्याचा तालुका होता. या परिषदांतूनच सर्व संस्थानासाठी एक राजकीय संस्था काढण्याचा विचार बळावला, आणि १९३८ साली ‘हैदराबाद स्टेट काँग्रेस’ हे नाव पुढे आले. संस्था रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली तुकडी पुढे झाली. मागोमाग स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. मागणी होती ती जबाबदार राज्यपद्धतीची, आणि तीही आसफजाही घराण्याच्या छत्राखाली.

नावाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे ते अशासाठी की सरकारचा मोठा आक्षेप या नावावरच होता. ‘काँग्रेस’ हा शब्द बाहेरच्या संस्थेशी नाते सांगतो, तो काढा, म्हणजे बंदीचा विचार करू, असा सरकारचा आग्रह वाटाघाटीत वर्षानुवर्षे चालला. बंदी उठली ती १९४६ साली. परंतु मराठी भाषिक कार्यकर्त्यांनी ‘स्टेट’ शब्दाचे काय केले? त्यांनी त्याला हातच लावला नाही. ‘संस्थान काँग्रेस’ असे भाषांतर सहज करता आले असते, पण ते रुजले नाही. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याच्या सर्व मराठी इतिहासांत आजही ‘स्टेट काँग्रेस’ हेच नाव येते. ज्यांना संस्थानिकाची सत्ता मर्यादित करावयाची होती त्यांना आपल्या संस्थेच्या कपाळी ‘संस्थान’ हा शब्द नको वाटला असेल, किंवा तीन भाषांच्या लोकांना समान असा शब्द हवा असेल. कारण काहीही असो, न केलेले भाषांतर हेही एक प्रकारचे भाषांतरच असते.

यानंतर १९४७ साल आले, आणि शब्दाचा प्रश्न प्राणांचा प्रश्न झाला. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्याने, ब्रिटिश राजसत्तेची संस्थानांवरील अधिसत्ता १५ ऑगस्टपासून संपुष्टात येणार होती. जून महिन्यातच निजामांनी फर्मान काढून जाहीर केले की, ही अधिसत्ता गेल्यावर आपणांस स्वतंत्र सार्वभौमाचा दर्जा परत प्राप्त होईल. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी जो तात्पुरता करार झाला त्यास मराठीत ‘जैसे थे करार’ म्हणतात. सबंध भाषांतरशास्त्रात याहून सुंदर प्रतिशब्द क्वचितच सापडेल. मूळ इंग्रजीत नुसती जागेवर उभे राहण्याची कल्पना आहे. मराठीने तिला तोंडी बोलीतले दोन शब्द दिले, आणि ते खेड्यापाड्यांत कोणालाही समजले. दुर्दैवाने करारातील स्थिती मात्र ‘जैसे थे’ राहिली नाही. रझाकारांचा उपद्रव वाढला. मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांनी घरे सोडून सरहद्दीपलीकडे आश्रय घेतला. सरहद्दीवर छावण्या पडल्या.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. ती संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या पस्तिसाव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली होती. या पोटकलमाप्रमाणे, जे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नाही असे ‘स्टेट’ देखील, आपण पक्षकार असलेला तंटा परिषदेच्या नजरेस आणू शकते. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबादच्या हद्दीत शिरले. १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथे परिषदेत विषय निघाला, तेव्हा भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांनी पहिलाच मुद्दा असा मांडला की, तक्रार आणण्याचा अधिकारच हैदराबादला नाही, कारण ते या कलमातील अर्थाने ‘स्टेट’ नव्हे. हैदराबादतर्फे नवाब मोईन नवाज जंग होते. त्यांच्या देशाचे नावच ‘हैदराबाद स्टेट’. शतकभर इंग्रज सरकारच्या प्रत्येक कागदावर तेच लिहिलेले. आता त्याच शब्दाच्या बळावर दार उघडावे अशी मागणी, आणि तो शब्द तोच असला तरी अर्थ तो नव्हे, असे उत्तर. इंग्रजी सनदेत या पोटकलमातील ‘स्टेट’ लहान अक्षराने लिहिलेले आहे, ‘हैदराबाद स्टेट’ मोठ्या अक्षराने. अक्षराने लहान असलेला शब्द येथे अर्थाने मोठा होता.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची पाच भाषांतील पाठ्ये सारखीच प्रमाण मानलेली आहेत, आणि स्पॅनिश ही त्यांपैकी एक. १९४८ च्या परिषदेत अर्जेंटिना आणि कोलंबिया हे दोन स्पॅनिश भाषिक देश सदस्य होते. त्यांच्या हातातील पाठात ‘एस्तादो’ होते, आणि ‘हैदराबाद स्टेट’चे स्पॅनिश करावयाचे तरी तेही ‘एस्तादो’च. म्हणजे इंग्रजीतील संदिग्धता स्पॅनिशमध्ये जशीच्या तशी उतरत होती. तेच मराठीत करून पाहावे. सनदेतील ‘स्टेट’ला मराठी ‘राष्ट्र’ म्हणते. ‘सदस्य राष्ट्रे’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी आहे. तेव्हा वादाचा प्रश्न मराठीत असा होतो : ‘हैदराबाद संस्थान हे राष्ट्र आहे काय?’ इंग्रजीत जेथे एका शब्दावरून त्याच शब्दावर सहज पाऊल पडते, तेथे मराठीत दोन शब्दांमध्ये मोठी दरी दिसते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात उत्तर जवळजवळ ठरूनच जाते.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. निजामांची बाजू केवळ शब्दश्लेषावर उभी होती असे समजणे बरोबर होणार नाही. अधिसत्ता संपली हे ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यातच लिहिलेले होते, आणि ती संपल्यावर संस्थानाचा दर्जा काय, याला कायद्यात नीटसे उत्तर नव्हते. भारताची बाजूही केवळ शब्दावर नव्हती. चोहोबाजूंनी भारताने वेढलेला मुलूख, त्यातील बहुसंख्य प्रजेची इच्छा, आणि या मुलखाने सार्वभौमत्व कधी भोगलेलेच नाही हा इतिहास, हे तिचे आधार होते. इंग्रजी शब्द निजामांच्या बाजूला झुकत होता, मराठी शब्द त्यांच्या विरुद्ध; शब्दकोशावरून न्याय करू गेले असता दोन्ही भाषांनी साक्षीदाराला आधीच पढवून ठेवले होते असे म्हणावे लागेल. पॅरिसमधील चर्चेनंतर दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामांनी शरणागती जाहीर केली, आणि २२ तारखेच्या तारेने आपली तक्रार मागे घेतली. विषय कार्यक्रमपत्रिकेवरून लगेच गेला नाही, १९४९ च्या मे महिन्यातही त्यावर भाषणे झाली. पण ‘स्टेट’चा अर्थ काय, याचा निकाल परिषदेने दिला नाही तो नाहीच.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले, आणि या शब्दाचे आणखी एक स्थित्यंतर झाले. तोपर्यंत मुंबई हा ‘प्रॉव्हिन्स’ म्हणजे प्रांत होता, आणि हैदराबाद ‘स्टेट’. संविधानाने दोघांनाही ‘स्टेट’ म्हटले. मुंबई ‘अ’ भागात, हैदराबाद ‘ब’ भागात, आणि निजाम तेथील राजप्रमुख. इंग्रजी वाचणाऱ्या मनुष्याला हैदराबादच्या नावात काही फरक दिसला नसेल. कालचे ‘हैदराबाद स्टेट’ आजही ‘हैदराबाद स्टेट’. मराठीला मात्र पाटी बदलावी लागली. प्रांताचे ‘राज्य’ झाले आणि संस्थानाचेही ‘राज्य’ झाले. मुंबईच्या मनुष्याला प्रांताचे राज्य झाले ही बढती वाटली. परभणीच्या मनुष्याला संस्थान संपून राज्य आले, म्हणजे राजवटच बदलली, हे एका शब्दावरून कळले. इंग्रजीत जो बदल झाकलेला राहिला तो मराठीने उघड करून दाखविला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यच विसर्जित होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

परंतु ‘राज्य’ शब्दावर आता भार फार झाला आहे. संविधानाच्या पहिल्या कलमात भारत हा राज्यांचा संघ आहे; तेथे राज्य म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक इत्यादी घटक. बाराव्या कलमात ‘स्टेट’ची व्याख्या केलेली आहे, तिच्यात भारताचे सरकार व संसद, राज्यांची सरकारे व विधिमंडळे आणि स्थानिक व इतर प्राधिकरणे सर्व येतात. मराठी पाठात तेथेही ‘राज्य’ हाच शब्द योजलेला आहे. राज्य कोणाही व्यक्तीस कायद्यापुढे समानता नाकारणार नाही, हे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही जबाबदारी फक्त मुंबईतील मंत्रालयाची आहे असे वाटले तर ते साहजिक आहे. वस्तुतः ती दिल्लीची आहे, आणि परभणीच्या नगरपालिकेची (२०११ पासून महानगरपालिकेची) देखील आहे. इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये अक्षर लहानमोठे करून काही निभावता येते. देवनागरीत लहानमोठी अक्षरेच नाहीत. राज्यशास्त्राच्या लेखकांनी यावर ‘राज्यसंस्था’ हा शब्द काढला आहे, आणि तो चांगला आहे. ‘संस्थान’ आणि ‘राज्य’ या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे धातू त्यात पुन्हा एकत्र आलेले आहेत. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, परिभाषेचे कोश निघाले, आणि सरकारी कागदांवर ‘शासन’ शब्दाने पुष्कळसा भार उचलला. ‘महाराष्ट्र शासन’ म्हटले की घोटाळा होत नाही. कायद्याच्या पाठात तो राहिला आहे.

लोकांनी मात्र आपल्यापुरता वेगळाच मार्ग काढला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ची पहिली गाडी धावली. तेव्हा मुंबई प्रांत होता, राज्य नव्हते; त्या नावातील ‘स्टेट’ म्हणजे खाजगी मालकाची नव्हे, सरकारची गाडी, इतकाच अर्थ. पुढे कागदोपत्री ‘राज्य परिवहन’ झाले, आणि आता त्यातील ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र असेच सर्वजण धरून चालतात. प्रवासी त्या भानगडीत न पडता ‘यष्टी’ म्हणतो. मराठवाड्यातील सरकारी गाड्याही १९६१ साली महाराष्ट्राच्या महामंडळात आल्या, आणि गंगाखेड, जिंतूर, पाथरीकडील लोकही त्यांना एसटी म्हणू लागले.

त्याहूनही जुना पाहुणा म्हणजे ‘इस्टेट’. हा शब्द ‘स्टेट’चाच सख्खा भाऊ, मराठीत तो जमीनजुमला या अर्थी इतका मुरला की भावाभावांत इस्टेटीचे भांडण म्हटल्यावर ते कोणाला परके वाटत नाही. निजामाच्या राज्यात ‘सर्फ-ए-खास’ नावाने खुद्द निजामांची खाजगी जमीन सरकारी मुलखापासून वेगळी धरली जाई, आणि तिचे उत्पन्न त्यांच्या खाजगीकडे जात असे. १९४९ साली ती सरकारी मुलखात सामील करण्यात आली. स्टेट कोठे संपते आणि इस्टेट कोठे सुरू होते, हा तेथे हिशेबाचा प्रश्न होता.

आणि शेवटी बँक. १९४१ साली ‘हैदराबाद स्टेट बँक’ निघाली. हाली सिक्क्याचा कारभार तिच्याकडे होता, आणि तिच्या नावातील ‘स्टेट’ म्हणजे निजामाचे संस्थान. १९५५ साली ‘स्टेट बँक ऑफ इंडिया’ झाली. तिच्या नावातील ‘स्टेट’ म्हणजे सबंध भारताची सत्ता. १९५६ मध्ये पहिल्या बँकेचे नाव ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाले, आणि मराठवाड्यातील तिच्या शाखांवर ते नाव साठ वर्षे राहिले. दुसरीच्या नावाचे देवनागरी रूप करताना ‘इंडिया’चे ‘भारतीय’ झाले, आणि ‘स्टेट’ तसेच ठेवण्यात आले. १ एप्रिल २०१७ रोजी पहिली बँक दुसरीत विलीन झाली, आणि तिच्या शाखांवरही ‘भारतीय स्टेट बँक’ अशी पाटी लागली.